स्लॉट असलेला की सुटसुटीत? किनाऱ्यावरच्या घरासाठी जुना संगणक निवडताना

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत घरगुती वापरासाठी जे संगणक बाजारात आले, त्यांतल्या अनेक घराण्यांत एकाच जातीची दोन मॉडेले आढळतात. एक मोठ्या पेटीचे, बहुधा आत रिकामे स्लॉट असलेले, पुढे हवी ती भर घालता येईल असे. आणि दुसरे सुटसुटीत, बहुधा कळफलकाच्याच पेटीत सारे काही मावलेले. अ‍ॅपल टू-ई आणि टू-सी, अमिगा २००० आणि ५००, बीबीसी मायक्रो आणि एकॉर्न इलेक्ट्रॉन, अटारी ८०० आणि ४०० या त्यातल्या ठळक जोड्या. आज असा संगणक हौसेने किंवा अभ्यासासाठी घेऊ पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो यातले कोणते मॉडेल घ्यावे हा. परदेशात यावर जे लिहिले जाते ते बहुधा कोरड्या, थंड हवेतली घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. रत्नागिरी, मालवण, दापोली किंवा अलिबाग अशा ठिकाणी, जिथे चार महिने भिंतींना ओल असते आणि उरलेले आठ महिने खारा वारा असतो, तिथे उत्तर काहीसे वेगळे येते, आणि ते का वेगळे येते हे मुळापासून समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम स्लॉट म्हणजे काय ते पाहू. संगणकाचा प्रोसेसर मेमरीशी आणि इतर भागांशी बोलतो तो तारांच्या एका जुडग्यातून. कोणत्या पत्त्यावरची माहिती हवी हे काही तारांवरून सांगितले जाते, प्रत्यक्ष माहिती काही तारांवरून जाते-येते, आणि उरलेल्या तारांवर वीज व वेळेचे इशारे असतात. या जुडग्याला बस म्हणतात. ही बस मदरबोर्डावरच्या एका लांबट सॉकेटात आणून सोडली की तो स्लॉट झाला. त्यात बसवलेले कार्ड प्रोसेसरशी थेट बोलू शकते. म्हणजे ते मेमरी वाढवू शकते, डिस्क चालवू शकते, किंवा स्वतःबरोबर दुसरा प्रोसेसरसुद्धा घेऊन येऊ शकते.

१९७७ साली आलेल्या अ‍ॅपल टू मध्ये असे आठ स्लॉट होते. स्टीव्ह जॉब्ज यांच्या मते दोन पुरेसे होते, एक प्रिंटरसाठी आणि एक मोडेमसाठी. स्टीव्ह वॉझ्नियाक मात्र आठांवर ठाम राहिले. त्या काळात तो आग्रह योग्यच होता, कारण मूळ यंत्र फार थोड्या गोष्टी घेऊन येत असे. फ्लॉपी डिस्क चालवायची तर तिचे कार्ड, छपाई करायची तर प्रिंटरचे कार्ड, पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरे हवी असतील तर त्यासाठीही कार्ड लागे. १९८० साली मायक्रोसॉफ्टने आणलेल्या सॉफ्टकार्डवर तर झेड-८० हा दुसरा प्रोसेसर होता, आणि ते बसवले की अ‍ॅपलवर सीपी/एम या त्या काळच्या कार्यप्रणालीचे व्यावसायिक प्रोग्रॅम चालत. ज्या गोष्टींची यंत्र बनवणाऱ्याने कल्पनाही केलेली नव्हती त्या इतरांनी त्याच्यात घातल्या, आणि हीच स्लॉटची खरी थोरवी.

सुटसुटीत मॉडेले मात्र सगळी एका माळेचे मणी नाहीत, आणि निवडीतली बरीच गफलत हा फरक न ओळखल्याने होते. माझ्या मते त्यांचे तीन प्रकार मानावेत. पहिल्या प्रकारात, लोक स्लॉटात जे हमखास बसवत असत ते सारे कारखान्यातच आत घातलेले असते. एप्रिल १९८४ मध्ये आलेला अ‍ॅपल टू-सी हे याचे उत्तम उदाहरण. त्यात १२८ किलोबाइट मेमरी, सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह, ८० अक्षरी पडदा, प्रिंटर आणि मोडेमसाठी दोन सिरियल पोर्ट हे सगळे मुळातच आहे, आणि तरी वजन साडेतीन किलोच्या आत. स्लॉट एकही नाही, पण सामान्य टू-ई मालकाने ज्यासाठी तीन-चार कार्डे विकत घेतली असती ते काम इथे आधीच झालेले आहे.

दुसऱ्या प्रकारात किंमत खाली आणण्यासाठी यंत्राची काटछाट केलेली असते. १९८३ चा एकॉर्न इलेक्ट्रॉन हा बीबीसी मायक्रोचा स्वस्त अवतार. मेमरी दोघांतही ३२ किलोबाइट, पण इलेक्ट्रॉनमध्ये ती अवघ्या चार चिपांवर बसवलेली असल्याने एक बाइट वाचायला दोन हेलपाटे पडतात आणि प्रोसेसर थांबून राहतो. बीबीसीचा टेलिटेक्स्ट पडदा त्यात नाही, आवाजाचा एकच चॅनल आहे, आणि ‘ट्यूब’ हा दुसरा प्रोसेसर जोडण्याचा मार्गही गाळलेला आहे. बीबीसीसाठी लिहिलेले बरेच प्रोग्रॅम त्यावर धिम्या गतीने चालतात किंवा चालतच नाहीत. जुने खेळ खेळायला इलेक्ट्रॉन पुरेसा आहे. पण तो म्हणजे लहान आकारातला बीबीसी असे समजून कोणी घेऊ नये.

तिसरा प्रकार मला सर्वांत मोलाचा वाटतो. यात पेटी लहान असते, पण बस बाहेर काढण्याचे एखाद-दुसरे दार ठेवलेले असते. अमिगा ५०० आणि २००० ही दोन्ही मॉडेले १९८७ साली आली. दोन्हींत तोच मोटोरोला ६८००० प्रोसेसर, तीच चित्र-ध्वनीची चिप-मालिका, तेच प्रोग्रॅम. फरक पेटीचा. २००० मध्ये अमिगाच्या स्वतःच्या कार्डांसाठी ‘झोरो’ नावाचे पाच स्लॉट, आयबीएम पीसीच्या कार्डांसाठी वेगळे स्लॉट, शिवाय प्रोसेसरचा आणि व्हिडिओचा एकेक स्लॉट आहे. ५०० मध्ये पोटाखाली एक झाकण आहे, ज्यात ५१२ किलोबाइटचे मेमरी-कार्ड बसते, आणि डाव्या अंगाला ८६ पिनांची बस उघडी ठेवलेली आहे. १९९२ च्या अमिगा १२०० मध्ये हेच दार आणखी मोठे झाले. पोटाखालच्या १५० पिनांच्या जोडणीतून त्याला वेगवान प्रोसेसरसुद्धा देता येतो.

आता हवेकडे येऊ, कारण आपल्याकडे खरा निकाल तिथेच लागतो.

साधे मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतले पाणी ओढून घेते आणि स्वतःच त्यात विरघळते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर आर्द्रता दिवसेंदिवस त्याच्या वरच असते, म्हणून तर स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत पाणी सुटते. समुद्रावरून येणारे मिठाचे अतिसूक्ष्म कण घरातल्या प्रत्येक पृष्ठभागावर बसलेले असतात आणि संगणकाच्या आतल्या धातूच्या पिना त्याला अपवाद नाहीत. उन्हाळ्यात तो थर कोरडा आणि निरुपद्रवी असतो. पाऊस सुरू झाला की त्याचे खारे पाणी होते, ते वीज वाहून नेते, आणि जिथे दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श आहे, उदाहरणार्थ कार्डाच्या कडेवरचा सोन्याचा मुलामा आणि स्लॉटातली कथिलाची पिन, तिथे झीज सर्वांत वेगाने होते.

म्हणून स्लॉट मोजताना पिना मोजाव्यात. अ‍ॅपल टू च्या प्रत्येक स्लॉटात ५० पिना. आठ स्लॉट म्हणजे ४०० उघडे संपर्क. झोरो स्लॉटात १०० पिना. अमिगा २००० च्या पाच स्लॉटांत मिळून ५००. यातला एक जरी संपर्क अधूनमधून तुटू लागला तर यंत्र कधी सुरू होते, कधी होत नाही, कधी मध्येच गोठते, आणि दोष नेमका कुठे आहे ते सापडत नाही. किनाऱ्यावरच्या घरात काही वर्षे पडून राहिलेल्या मोठ्या पेटीचे झाकण काढून टॉर्चच्या उजेडात स्लॉटमध्ये तिरके पाहिले, तर बऱ्याचदा अशी स्थिती दिसते: ज्या स्लॉटात कार्ड बसलेले होते त्याच्या पिना आतून अजून चकाकतात, कारण कार्डाने त्या झाकून धरल्या होत्या, रिकाम्या स्लॉटातल्या पिना मात्र काळवंडलेल्या असतात आणि टोकांशी हिरवट कळंक चढलेला असतो. मागच्या पट्टीवरची रिकाम्या स्लॉटांची झाकणे हरवलेली असतील तर त्या फटींतून पाली आत शिरतात, आणि कुंभारीण माशीला तर मातीचे घर बांधायला अशी लांबट, अंधारी फट फारच सोयीची पडते. तिची वाळलेली माती ओल धरून ठेवते, म्हणून ती दिसल्याबरोबर काढावी.

पंख्याचा मुद्दाही लक्षात घ्यावा. अमिगा २००० च्या पॉवर सप्लायमध्ये पंखा आहे आणि तो आतली गरम हवा बाहेर टाकतो. त्या जागी बाहेरची हवा आत येते, म्हणजे यंत्र चालू असेपर्यंत खारी, दमट हवा मदरबोर्डावरून अखंड वाहत राहते. अमिगा ५०० ला पंखा नाही. आतली मंद ऊब उलट ओल हटवते, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालवलेले असे यंत्र बंद कपाटात पडलेल्या यंत्रापेक्षा चांगले टिकते.

या हिशेबाने सुटसुटीत मॉडेल सरस ठरते, पण सरसकट नव्हे, कारण बॅटरी आणि कपॅसिटर (विजेचा भार साठवणारे छोटे भाग) यांचा हिशेब वेगळा आहे. अमिगा २००० च्या मदरबोर्डावर घड्याळासाठी निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली आहे. ती म्हातारी झाली की तिच्यातून अल्कली द्रव झिरपतो आणि जवळच्या तांब्याच्या रेषा खातो. विकत घेताना पेटी उघडून ही जागा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत; बॅटरीभोवती निळसर-हिरवी बुकणी असेल आणि शेजारच्या चिपांच्या सॉकेटांपर्यंत पोचलेली असेल, तर ती दुरुस्ती नवशिक्याच्या हातची नाही. डाग नुकता लागलेला असेल तर बॅटरी कापून काढावी, जागा सौम्य व्हिनेगरने पुसून अल्कली मारावी, मग शुद्ध पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावी. साध्या अमिगा ५०० च्या मदरबोर्डावर बॅटरी नाही. ती असते पोटाखालच्या मेमरी-कार्डावर, आणि ते कार्ड उपसून बाहेर काढता येते. एवढ्या एका गोष्टीने कित्येक ५०० वाचले आहेत. १९९१ च्या ५०० प्लस या मॉडेलमध्ये मात्र बॅटरी पुन्हा मदरबोर्डावर आली, तेव्हा नावातला तो ‘प्लस’ नीट वाचावा.

१९९२ च्या अमिगा ६०० आणि १२०० मध्ये जागा वाचवण्यासाठी बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर केलेले लहान कपॅसिटर वापरले आहेत, आणि त्यांतला द्रव गळतो. ते बदलायला बारीक टोकाची सोल्डरिंग गन पुरत नाही, हाताला सराव लागतो. ५०० मध्ये बहुतेक मोठ्या चिप सॉकेटात बसवलेल्या आहेत. बिघडलेली काढून दुसरी घालणे घरच्या घरी जमते. सुटसुटीतपणा जितका अधिक तितकी दुरुस्ती अवघड, हा नियम साधारणपणे खरा ठरतो, आणि ५०० त्याच्या मधोमध उभा आहे.

पॉवर सप्लायची बाब तर जिवाशीच निगडित आहे. बीबीसी मायक्रो आणि अ‍ॅपल टू-ई यांचा पॉवर सप्लाय पेटीच्या आत असतो आणि त्यांत रिफा नावाने ओळखले जाणारे कागदी थरांचे कपॅसिटर सापडतात. पिवळसर पारदर्शक आवरणात ओतलेला हा चौकोनी ठोकळा बाहेरून भक्कम दिसतो, पण वय झाले की आवरणाला केसासारख्या चिरा जातात, त्यांतून आतला कागद हवेतली ओल पितो, आणि कधीतरी बटण दाबल्यावर काही मिनिटांत तो फुटून खोलीभर उग्र वासाचा धूर होतो. कोकणातल्या हवेत या चिरा म्हणजे धोक्याची घंटाच. असे यंत्र हाती आले की चालू होते का पाहण्याच्या उत्साहात प्लग लावू नये. आधी जाणकाराकडून तो कपॅसिटर बदलून घ्यावा, आणि मगच वीज द्यावी.

सुटसुटीत यंत्रांचा पॉवर सप्लाय बहुधा बाहेर, वेगळ्या डबीत असतो. ही सोय आहे, कारण डबी बिघडली तरी यंत्र उघडावे लागत नाही, आणि अमेरिकेहून आलेले ११० व्होल्टचे यंत्रही योग्य डबी मिळवून आपल्या २३० व्होल्टवर चालवता येते. अ‍ॅपल टू-सी ला बाहेरून फक्त १५ व्होल्ट डीसी लागतात, बाकीचे व्होल्टेज तो आत तयार करतो. परंतु कमोडोर ६४ या त्या काळच्या दुसऱ्या सुटसुटीत संगणकाची मूळ डबी वापरूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा ५ व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर बिघडला की व्होल्टेज खाली न येता वर चढते आणि मेमरीच्या चिप जळून जातात. पावसात दिवसातून चार वेळा लाईट जाते-येते तिथे तर नवी, संरक्षण असलेली डबी हीच पहिली खरेदी समजावी.

टीव्हीशी जुळणी ही दोन्ही प्रकारांना सारखीच लागू असल्याने थोडक्यात सांगतो. आपल्याकडची पद्धत पाल, ५० हर्ट्झची. अमेरिकी यंत्रे एनटीएससी, ६० हर्ट्झची. ब्रिटन किंवा आखातातून आलेले यंत्र त्यामुळे सोयीचे. कोकणातून आखातात नोकरीला गेलेल्यांची घरे गावोगाव आहेत, आणि तिकडे सखर या नावाने विकले गेलेले अरबी कळफलकाचे एमएसएक्स (अनेक कंपन्यांनी एकाच नमुन्यावर बनवलेले) संगणक अशा एखाद्या घरात निघू शकतात. ते भंगारात देण्यापूर्वी कोणाला तरी दाखवावेत. परदेशातून मागवायचा विचार असेल तर वापरलेल्या संगणकांच्या आयातीवर निर्बंध आहेत त्याची आधी चौकशी करावी, आणि सीमाशुल्क वाहतुकीचा खर्च धरून आकारले जात असल्याने जड पेटी दोनदा महाग पडते हेही ध्यानात ठेवावे.

आजच्या काळाने या निवडीत आणखी एक मोठा फरक केला आहे. १९८७ साली अमिगा २००० घेणारा मनुष्य मुख्यतः तीन गोष्टींसाठी घेत असे: जास्त मेमरी, हार्ड डिस्क आणि वेग. आज गोटेक नावाचे छोटे यंत्र फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसते आणि पेन ड्राइव्हवरच्या शेकडो डिस्का वाचते. अमिगा ६०० आणि १२०० मध्ये कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड साध्या अ‍ॅडॉप्टरने हार्ड डिस्क म्हणून चालते. अमिगा ५०० मध्ये ६८००० प्रोसेसर त्याच्या सॉकेटातून काढून तिथे पायस्टॉर्म हा बोर्ड आणि त्यावर रास्पबेरी पाय हा आजचा चिमुकला संगणक बसवला, की मेमरी आणि वेग दोन्ही २००० च्या त्या काळच्या कोणत्याही कार्डाला मागे टाकतात. स्लॉटचे पूर्वीचे बहुतेक काम आता स्लॉटविना होते.

बहुतेक, सगळे नव्हे. अमिगा २००० मध्ये ब्रिजबोर्ड बसवून त्याच पेटीत आयबीएम पीसी चालवणे, व्हिडिओ स्लॉटातून चित्रावर अक्षरे चढवणे, अ‍ॅपलवर झेड-८० कार्ड लावणे या गोष्टी ज्याला खऱ्याखुऱ्या स्वरूपात अनुभवायच्या आहेत त्याने मोठी पेटीच घ्यावी. आणि ज्याला स्वतः कार्ड बनवायचे आहे त्याच्यासाठी अ‍ॅपल टू-ई इतके चांगले शिक्षक यंत्र मला दुसरे माहीत नाही. त्यात प्रत्येक स्लॉटाला स्वतःचे १६ पत्ते नेमून दिलेले आहेत, आणि त्यांपैकी एखाद्या पत्त्याला हात लागला की त्या स्लॉटाच्या ठराविक पिनेवर इशारा येतो. म्हणजे पत्ता ओळखण्याचे किचकट काम मदरबोर्डच करून देतो. विद्यार्थ्याने त्या पिनेला एक लॅच (आलेली माहिती धरून ठेवणारी चिप) आणि आठ एलईडी जोडले, बेसिकमधून एक पोक आज्ञा, म्हणजे ठराविक पत्त्यावर आकडा लिहिण्याची आज्ञा, दिली, की दिवे लागतात. बस म्हणजे काय हे इंजिनिअरिंगच्या पुस्तकातल्या आकृतीने जे महिनाभरात समजत नाही ते त्या संध्याकाळी समजते.

बीबीसी मायक्रोची जागा या दोहोंच्या मध्ये आहे. त्यात आतले स्लॉट नाहीत, पण पोटाखाली ट्यूब, १ मेगाहर्ट्झ बस आणि युजर पोर्ट ही जोडणीची दारे ओळीने मांडलेली आहेत, आणि मागे चार चॅनलचा अ‍ॅनालॉग पोर्ट आहे, ज्याला सेन्सर लावून तापमान किंवा आर्द्रता एकही कार्ड न घालता मोजता येते. आपल्याकडे १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पात याच जातीची यंत्रे वापरली गेली, त्यामुळे देशातल्या एखाद्या जुन्या शाळेच्या अडगळीत ते अजून असणे अशक्य नाही. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मी बीबीसीचीच शिफारस करीन, अर्थात पॉवर सप्लाय दुरुस्त करून घेतल्यावर.

घरासाठी घेणाऱ्याने एक साधे पथ्य पाळावे. खरेदीपूर्वी कागदावर, कोणते कार्ड बसवायचे आहे आणि त्याने काय करायचे आहे, हे नावानिशी लिहावे. नाव लिहिता आले आणि ते कार्ड मिळण्याची शक्यता असली तर स्लॉट असलेले मॉडेल घ्यावे. ‘पुढे कधीतरी उपयोगी पडेल’ एवढेच लिहिता आले तर सुटसुटीत मॉडेल घ्यावे, कारण रिकामा स्लॉट इथे वाट पाहत बसत नाही, तो गंजत जातो. पहिलेच यंत्र असेल तर माझी पसंती अमिगा ५०० ला, आणि अ‍ॅपलच्या घराण्यात टू-सी ला.

मोठी पेटी घेतलीच, तर मृग लागण्यापूर्वी एक दिवस तिला द्यावा. सर्व कार्डे काढून त्यांच्या कडा लिंट नसलेल्या कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. खोडरबराने घासू नयेत, त्याने सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो. वापरात नसलेली कार्डे अँटिस्टॅटिक पिशवीत घालून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावीत, रिकाम्या स्लॉटांवर कापलेली पुठ्ठ्याची पट्टी न घालता प्लास्टिकची पट्टी घालावी, कारण पुठ्ठा ओल धरतो, आणि मागच्या सगळ्या फटी बंद कराव्यात. यंत्रावर प्लास्टिकचे आच्छादन घट्ट बांधून ठेवण्याची आपली सवय इथे घातक ठरते. आत अडकलेली दमट हवा रात्री थंड झाली की तिचे पाणी मदरबोर्डावरच उतरते. सुती कापडाचे झाकण घालावे, यंत्र बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवावे, आणि सिलिका जेल दर पंधरवड्याला तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करून घ्यावे.